धरणं भरलेली, टाकी रिकामी: पाणी नेमकं अडतं कुठे?

प्रश्न असा आहे: "आम्ही उंड्रीत राहतो. सोसायटीत १८० सदनिका आहेत. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड तासभर येतं, तेही बारीक धारेनं. रोज दहा हजार लिटरचे आठ टँकर घ्यावे लागतात, महिन्याला अडीच लाखांवर खर्च होतो. बातम्यांत मात्र खडकवासल्यातून नदीत पाणी सोडल्याचं दाखवतात. धरणं भरलेली असताना आम्हाला पाणी का नाही? आम्ही नेमकं करायचं काय?"

मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्याचं काम केलं. तीन वेगवेगळ्या महापालिकांत, कनिष्ठ अभियंत्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत. आता निवृत्त होऊन पुण्यातच राहतो. उत्तर लांबणार आहे. "पाणी कमी आहे", "लाईन जुनी आहे", "सगळं राजकारण आहे" ही छोटी उत्तरं तुम्हाला आधीच मिळाली असतील आणि त्यांतल्या एकानंही तुमची टाकी भरलेली नाही.

आधी धरणांचं बघू, कारण तुमचा राग तिथून सुरू होतो.

खडकवासला साखळीत चार धरणं आहेत. पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. एकूण २९.१५ टीएमसी. वरची तीन धरणं म्हणजे कोठार आणि खडकवासला म्हणजे त्यांच्या पुढ्यात ठेवलेलं घंगाळ. वरचं पाणी या घंगाळात येतं आणि तिथून शहराला आणि कालव्याला जातं. घंगाळ लहान असल्यामुळे पावसाचा जोर वाढला की विसर्ग करण्यावाचून इलाज नसतो. ११,५०० क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला तर साधारण एक टीएमसी पाणी मुठेतून पुढे उजनी धरणाकडे जातं. आकडा ऐकून जीव हळहळतो, पण शहराचे पंप आणि जलशुद्धीकरण केंद्रं जुलैत जेवढं पाणी उचलतात जवळपास तेवढंच मे महिन्यातही उचलतात. नदीत सोडलेल्या पाण्याचा तुमच्या टँकरशी थेट संबंध नाही. तो विसर्ग झाला नसता तरी तुमच्याकडे तासभरच पाणी आलं असतं.

मग शहर उचलतं तेवढं पाणी पुरेसं आहे का? हिशेब घरी करता येतो. गेली काही वर्षं पुण्याची उचल २० टीएमसीच्या आसपास आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. वीस टीएमसीला ३६५ दिवसांनी भागलं की रोजचे १५५ कोटी लिटर होतात. लोकसंख्या सढळ हातानं ७० लाख धरली तरी माणशी रोज २२० लिटर पडतात. केंद्राच्या नियमपुस्तिकेतलं माप शहरासाठी १३५ ते १५० लिटरचं आहे. गळती आणि बेहिशेबी पाणी म्हणून ४० टक्के वजा केले, तरी माणशी १३० च्या वर उरतात.

म्हणजे गळकी का होईना, पण या शहराकडे सगळ्यांना पुरेल एवढी सोय आज आहे. तुमच्याकडे किती येतं? तुमच्या १८० घरांत सरासरी चार माणसं धरली तर ७२० माणसं. नळाची बारीक धार बाजूला ठेवली, तर आठ टँकरचे ८०,००० लिटर त्यांत वाटले की माणशी १११ लिटर होतात. "सोसायटीवाले पाण्याची उधळपट्टी करतात" असं कुणी म्हणालं तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. टँकरला एवढे पैसे मोजूनही तुम्ही मापाच्या खाली जगताय.

तर पाणी धरण आणि तुमचा नळ यांच्या मधे कुठेतरी अडतं. त्या मधल्या भागात मी आयुष्य काढलं, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो.

पुणे बशीसारखं आहे. मुठेकाठच्या पेठा तळाशी, आणि कोंढवा, उंड्री, पिसोळी, कात्रज हे काठावर. तळाकडे पाणी उताराने धावतं. काठावर ते पंपाने चढवावं लागतं, एका टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. या साखळीत तुम्ही शेवटचे. वरच्या एखाद्या टाकीला भरायला दोन तास उशीर झाला की तुमचा तास अर्धा होतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की महापालिकेच्या निवेदनात ठरलेलं वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. पुणेकरांना ते तोंडपाठ आहे. रिकाम्या झालेल्या वाहिन्या आधी स्वतः भरतात, आत कोंडलेली हवा बाहेर पडते आणि मग पाणी पुढे सरकतं. उतारावरच्या भागात शुक्रवारी सकाळी दहापर्यंत सगळं सुरळीत होतं. टोकाच्या भागात तो शुक्रवार शनिवारी दुपारपर्यंत चालतो.

हवेचं म्हणाल तर ही गोष्ट या शहराला पावणेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून शनिवारवाड्याकडे जी पाण्याची योजना झाली तिच्या वाटेवर उच्छ्वास बांधले होते. हवा बाहेर पडावी आणि गाळ खाली बसावा म्हणून. आजच्या वाहिन्यांवर त्या कामासाठी एअर व्हॉल्व्ह असतात. ते बिघडले किंवा डांबराखाली गाडले गेले की उंचवट्यावर हवेचा बोळा बसतो आणि मोठ्या वाहिनीतूनही निम्मंच पाणी जातं. रस्ता नवा झाल्यावर आमचं पहिलं काम असायचं हातोडा घेऊन आपल्या चेंबरची झाकणं शोधणं.

आता मुख्य मुद्दा. वितरणाच्या वाहिन्या आखताना पाणी चोवीस तास मिळणार असं गृहीत धरतात. सकाळी मागणी वाढते म्हणून सरासरीच्या अडीचपट प्रवाह वाहील एवढा व्यास ठेवतात. पण प्रत्यक्षात आपण तेच पाणी चार तासांत देतो. दिवसभराचं पाणी चार तासांत ढकलायचं म्हणजे प्रवाह सरासरीच्या सहापट होतो, म्हणजे आखणीच्या जवळजवळ अडीचपट. आणि घर्षणात जाणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. या उदाहरणात तो आखणीच्या पाचपट होतो. टाकीपाशी असलेला सगळा दाब पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्येच खर्ची पडतो. टोकाला पोचतो तो फुसफुसाट.

त्यात भर आपल्या जमिनीखालच्या टाक्यांची. प्रत्येक सोसायटीला भूमिगत टाकी आहे आणि पाणी आलं की तिचं तोंड उघडं. टाकीजवळच्या, खोलगट भागातल्या सोसायट्यांत पाणी धो धो पडत राहतं, बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगत्या गोळ्याची तोटी) बंद होईपर्यंत. त्यांची टाकी भरेपर्यंत तुमची वेळ संपलेली असते. यात त्या सोसायट्यांचा काही दोष नाही, त्यांनी काही चोरलेलं नाही. पाणी त्याला जो सोपा रस्ता मिळेल तिकडे गेलं, एवढंच.

हे मी कागदावर शिकलो होतो, पण मला ते खरं कळलं एका शहरात, नोकरीच्या बाराव्या वर्षी. टोकाच्या एका वस्तीचा मोर्चा आला, हंडे घेऊन. दोन महिने पाणी नव्हतं. मी तेव्हा उपअभियंता. मला सुचलेला उपाय सरळ होता: त्या टाकीची वेळ एक तासाने वाढवली. पंधरा दिवसांनी तोच मोर्चा पुन्हा दारात. वाढवलेला सगळा तास मधल्या भागाने पिऊन टाकला होता आणि टाकी लवकर रिकामी होऊ लागल्यामुळे टोकाला आधीपेक्षा कमी पाणी मिळत होतं. मी मदत करायला गेलो आणि त्या बायकांचं नुकसान केलं. त्यातली एक म्हणाली, "साहेब, तुम्ही तास वाढवला आणि आमचा हंडा कमी झाला." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

मग त्या टाकीवरच्या चावीवाल्याला घेऊन बसलो. कागदोपत्री व्हॉल्व्हमन, पण सगळे त्याला चावीवालाच म्हणायचे. इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे साडेतीनला बाहेर पडायचा. चावीच्या दांड्याला कान लावून व्हॉल्व्हमधून पाणी किती जातंय ते सांगायचा. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे त्याच्या डोक्यात होतं, आमच्या नकाशात नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून मुख्य वाहिनीतून निघणाऱ्या पहिल्या तीन फाट्यांवर मीटर बसवले. निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी त्या तीन फाट्यांतच जात होतं, घरं मात्र तिथे एक तृतीयांशसुद्धा नव्हती. आम्ही ते तीन व्हॉल्व्ह आटे मोजून आवळले. वेळ वाढवली नाही, धरणातून एक थेंब जास्त घेतला नाही. अकराव्या दिवशी टोकाच्या वस्तीत नळाला पाणी आलं.

महिनाभर ते टिकलं. मग वरून फोन आला, तीन फाट्यांवरच्या लोकांचा दाब कमी झाल्याची तक्रार होती. व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडले गेले. मी लेखी आदेश मागितला, तो कधीच मिळाला नाही. त्या तीन फाट्यांवरच्या घरांना आवळल्यानंतरही मापापेक्षा जास्त पाणी मिळत होतं, आणि ते दाखवणारे मीटर माझ्याकडे होते. पण मीटरची नोंद कुठल्याही बैठकीत मांडायची पद्धतच नव्हती. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हा शहरातला खूप मोठा निर्णय आहे आणि तो ना महासभेत होतो, ना स्थायी समितीत. तो पहाटे साडेतीनला अंधारात होतो. त्याची वही नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे पाणी जातं. माझ्या सगळ्या नोकरीतून मी एवढं एक शिकलो: पाणी मोजल्याशिवाय समान वाटता येत नाही.

आता उंड्रीकडे वळतो. तुमचं गाव २०१७ साली पुण्याच्या हद्दीत आलं, त्या वेळच्या ११ गावांपैकी एक. २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. इमारती मात्र त्याआधीच उभ्या राहत होत्या. बांधकामाची परवानगी एका कार्यालयाकडून, रस्ता दुसऱ्याचा, पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि ग्रामपंचायतीकडे एक विहीर आणि दोन बोअर. शहर आधी वाढलं आणि वाहिन्यांचा विचार नंतर झाला. हे फक्त पुण्यात झालं असं नाही, पण पुण्यात ते फार मोठ्या प्रमाणावर झालं. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत, म्हणजे ज्याला लोक चोवीस तास पाण्याची योजना म्हणतात, ८२ टाक्या, १४१ विभाग (पाणी वेगळं मोजता येईल असे वस्तीचे भाग) आणि तीन लाखांवर मीटर धरले होते. तिच्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखेही काढले. पण ती योजना जुन्या हद्दीसाठी आखलेली होती. समाविष्ट गावांसाठी वेगळ्या आराखड्याची गरज पडली आणि तुम्ही त्या दोन आराखड्यांच्या मधल्या फटीत राहताय.

या फटीची किंमत पैशांपुरती नसते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. तिथल्या समाविष्ट गावांना विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरीन घालून दिलं जात होतं. हद्दवाढीच्या अधिसूचनेवर सही होते त्या दिवशी गाव शहरात येतं, पण शुद्ध पाण्याची वाहिनी तिथे यायला दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत माणसं जे पितात त्याची जबाबदारी कुणीतरी स्पष्टपणे घेतली पाहिजे. मला याचा अजूनही त्रास होतो.

जबाबदारी कुणाची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दार कुठलं ठोठवायचं ते कळायला हवं. धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची. शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. शहराने वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) परत शेतीला द्यायचं, अशीही बोली आहे. या वरच्या भांडणात सोसायटीने पडू नये, तिथे तुमचा वेळ वाया जाईल. शुद्धीकरण केंद्रापासून तुमच्या नळजोडापर्यंतचं सगळं महापालिकेचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत आणि पाणीपुरवठा त्यात येतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या अठरा विषयांतही तो आहे. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं वेळापत्रकाबद्दल भांडायला हक्काचं माणूस नव्हतं. आता आहे. त्याच्याकडे जा, पण "आमच्याकडे जास्त सोडायला सांगा" म्हणून जाऊ नका. त्या मागणीने शेजारच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आवळला जातो आणि पुढच्या वर्षी तुमचा. काय घेऊन जायचं ते सांगतो.

उद्या सकाळी एका कामाला लागा. महापालिकेच्या जोडावर, भूमिगत टाकीच्या आधी, एक मीटर आणि एक दाबमापक बसवा. दाबमापक काही शे रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आमच्या लाईनीत दाब किलोत बोलतात, एक किलो म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. वही करा: तारीख, पाणी सुरू झालं ती वेळ, सुरुवातीचा दाब, दहा मिनिटांनंतरचा दाब, बंद झालं ती वेळ, मीटरचं वाचन. रखवालदारावर सोडू नका, समितीतल्या दोन माणसांनी आलटून पालटून लिहा.

या वहीतून दुखणं कळतं. सुरुवातीपासूनच दाब शून्याच्या जवळ असेल तर टाकी आणि तुमच्या मधे काहीतरी अडलंय: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, बिघडलेला एअर व्हॉल्व्ह, किंवा टाकीच भरत नाही. आधी बरा दाब आणि दहा मिनिटांत घसरण, तर तुमच्या अलीकडचे फाटे पाणी ओढताहेत आणि तिथे आटे मोजून आवळण्याची गरज आहे. दाब शेवटपर्यंत चांगला पण वेळच कमी, तर मागणी वेळेची करायची. तिन्ही दुखण्यांवर औषध वेगळं आहे. कनिष्ठ अभियंत्याकडे जाऊन "पाणी येत नाही" म्हणणारे रोज पन्नास जण असतात. "सहा दिवस सुरुवातीला सात मीटर आणि दहाव्या मिनिटाला दोन मीटर दाब आहे" म्हणणारा वर्षात एखादा येतो. त्याच्यासाठी मी स्वतः खुर्ची ओढून द्यायचो, कारण माझं अर्धं काम त्याने केलेलं असायचं.

दुसरं, माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. "पाणी का येत नाही" असं त्यात लिहू नका, "का" ला कागद नसतो. कागद मागा. तुम्हाला पाणी देणाऱ्या टाकीचं नाव आणि क्षमता, मागच्या तीन महिन्यांची टाकीच्या पातळीची नोंदवही, त्या टाकीवरच्या प्रत्येक फाट्याचं व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याचं वेळापत्रक, टाकीच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर मीटर आहे का आणि असल्यास त्याची रोजची वाचनं. शिवाय प्रत्यक्ष अभिलेख पाहण्याची परवानगी मागा, प्रतींपेक्षा तिथे बसून वही चाळण्यात जास्त कळतं. बऱ्याचदा उत्तर येईल की मीटर नाही किंवा नोंद ठेवली जात नाही. ते उत्तर जपून ठेवा. "या टाकीवर मीटर बसवा" ही मागणी नगरसेवकाला, क्षेत्रीय कार्यालयाला आणि अंदाजपत्रकाला झेपणारी आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. दरवर्षी तिथे बाक, कमानी आणि फरशा मागितल्या जातात. टाकीवरचा मीटर मागा.

तिसरं, शेजारच्या सोसायट्या. त्याच टाकीवरच्या पाच-सहा सोसायट्यांना अशीच वही ठेवायला लावा, विशेषतः ज्यांना भरपूर पाणी मिळतं त्यांना. हे अवघड जाईल, त्यांना वाटेल तुम्ही त्यांचं पाणी तोडायला आलात. त्यांना स्पष्ट सांगा की आज ना उद्या त्यांच्याही पुढे नवे टॉवर उभे राहणार आहेत. सहा वह्या एका नकाशावर मांडल्या की कोणता फाटा किती घेतो ते सगळ्यांना दिसतं आणि मग फोन करून व्हॉल्व्ह उघडायला लावणं अवघड होतं. माझ्याकडे त्या वेळी मीटर होते, पण लोक नव्हते. तुमच्याकडे दोन्ही असतील.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: वाहिनीला थेट मोटर लावू नका. टोकाच्या भागात हा मोह होतो आणि शेजाऱ्याने लावली की आपणही लावतो. मोटर ओढते तेव्हा वाहिनीत पोकळी तयार होते आणि जिथे सांधा सैल आहे तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. जलवाहिनी आणि ड्रेनेज एकाच चरातून गेलेली असतील तर काय शिरतं ते सांगायला नको. पुरवठा बंद असतानाही हेच घडतं, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचं पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नका. क्लोरीन तपासायची छोटी पेटी आणा. नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायलाच हवा. टँकरच्या पाण्याचीही तीच तपासणी करा आणि टँकर कुठून भरला ते रोज पावतीवर लिहून घ्या. महापालिकेच्या भरणा केंद्रावरून भरलेला टँकर वेगळा आणि कुणाच्या तरी बोअरचा वेगळा.

बिल्डरचंही एक बघा. हद्दीबाहेरच्या आणि नव्या भागात परवानगी देताना अनेकदा विकसकाकडून हमीपत्र घेतलेलं असतं की महापालिका पाणी देईपर्यंत तो स्वखर्चाने पुरवेल. तुमच्या बांधकाम परवानगीची आणि भोगवटा प्रमाणपत्राची अट न अट वाचा. हमीपत्राची प्रत बांधकाम विभागाकडून माहिती अधिकारातच मिळेल. अशी अट सापडली तर टँकरच्या बिलांचा विषय वकिलाकडे नेण्यासारखा आहे.

चोवीस तास पाणी हे आपल्याकडे होणारच नाही, असं बरेच अभियंतेही खाजगीत म्हणतात. मला ते पटत नाही. कराडजवळच्या मलकापूरने, एका छोट्या नगरपंचायतीने, २००९ मध्ये ते करून दाखवलं: प्रत्येक जोडाला मीटर, वापर वाढेल तसा चढता दर. हुबळी-धारवाडच्या काही भागांत त्याच सुमारास झालं. ओडिशात पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आणि अखंड दिलं. अखंड पुरवठ्यात लोक कमी पाणी वापरतात हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्याला कारण आहे. उद्या पाणी येणारच असेल तर कालचं भरलेलं पिंप कुणी ओतून देत नाही आणि नळ उघडा ठेवून झोपत नाही. शिवाय वाहिनी कायम भरलेली असली की गळती सापडते. रात्री दोन ते चार सगळे झोपलेले असताना विभागाच्या मीटरवर जेवढं पाणी वाहतं, त्यातलं जवळपास सगळं जमिनीत जात असतं. तो आकडा रोज पाहायचा, वाढला की त्या रात्री माणूस पाठवायचा. दिवसाला चार तास पाणी देणाऱ्या शहरात रात्री वाहिनीच रिकामी, मग गळती शोधायची कशी?

मीटरला होणारा विरोध मी समजू शकतो. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मालमत्ता कराच्या बिलात येते, तुम्ही किती वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही एक दिवसाआड तासभर पाणी घेऊनही ती भरता आणि वर टँकर. उद्या मीटर आले तर सर्वांत जास्त फायदा तुमच्यासारख्यांचा आहे, कारण न आलेल्या पाण्याचं बिल मग कुणी पाठवू शकणार नाही. दाब कायम राहण्याआधी मीटर लावले तर ते हवेवर फिरतात आणि लोकांचा विश्वास उडतो, ही चूक अनेक शहरांत झाली आहे. आधी टाकी भरलेली राहिली पाहिजे, मग विभागाचा मीटर, मग घराचा. हा क्रम उलटा करायला कुणी सांगितलं तर विरोध करा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे.

वही सुरू करताना शुक्रवारचे आणि शनिवारचे आकडे वेगळ्या रंगाने लिहा. गुरुवारी बंद असेल त्या आठवड्यात पाणी तुमच्यापर्यंत परत पोचायला किती तास लागले, ते त्याच पानावर नोंदवा. वाहिनीतली हवा कुठे अडते ते शोधायला कनिष्ठ अभियंत्याला या एका नोंदीचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. आणि सोसायटीच्या फाटकापासून टाकीकडे चालत जाऊन एकदा बघा, रस्त्याच्या चढावर एअर व्हॉल्व्हचं चेंबर दिसतं का. दिसलं नाही, तर रस्ता शेवटचा कधी डांबरला गेला ते कुणालातरी विचारा.